नाताळची गाणी-फेरी : सेवा मंडळ गाते ते कशासाठी?



नाताळ जवळ आला की अंजनगाव सुर्जीच्या आमच्या लहानशा सेवा मंडळात दोन कामे एकदम सुरू होतात. एकीकडे ब्लँकेट, स्वेटर, लहान मुलांच्या कानटोप्या गोळा करून त्यांचे गठ्ठे बांधायचे, आणि दुसरीकडे दिवेलागणीनंतर पेटी काढून गाण्यांचा सराव करायचा. मागे एका वाचक भगिनीने पत्र लिहून विचारले होते, "मेळघाटात लेकरे थंडीत कुडकुडत असताना तुम्ही रोज दोन-दोन तास गाणी कसली म्हणता? तेवढ्या वेळात आणखी चार घरी जाऊन देणगी नाही का मागता येणार?"

ताईंचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मंडळाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचला तेव्हा दोघा-तिघांनी मान डोलावली, म्हणजे तो आमच्यातल्याही काहींच्या मनात होताच. म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

आधी गाणी-फेरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या सहकाऱ्यांपैकी सगळेच ख्रिस्ती नाहीत. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मंडळीतील लोक संध्याकाळी घरोघर जातात, अंगणात किंवा ओसरीवर उभे राहून ख्रिस्तजन्माची दोन-तीन गाणी म्हणतात, घरच्यांसाठी प्रार्थना करतात, चहा-फराळ घेतात आणि पुढच्या घरी निघतात. घरातले लोक पेटीत काही टाकतात. शहरात याला कॅरोल म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आहे, आणि त्याचा मूळचा अर्थ ऐकून आमच्या मंडळातील जुनी माणसे चकित झाली होती. कॅरोल म्हणजे हातात हात घालून, रिंगण धरून नाचत म्हणायचे गाणे. प्रार्थनामंदिरात बाकावर बसून गंभीरपणे म्हणायचे स्तोत्र नव्हे, तर गावातल्या साध्या लोकांचे, सणाचे नाचगाणे. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

गाणे आणि गरिबांची सेवा यांची जोडी काही आम्ही जमवलेली नाही. हँडेल या संगीतकाराचे 'मसीहा' आज जगभर नाताळात गायले जाते. त्याचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला, तो कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी. त्या उत्पन्नातून १४२ कैद्यांचे कर्ज फिटून ते सुटले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १८९१ साली मुक्तिफौजेच्या जोसेफ मॅकफी यांनी गरिबांना नाताळचे जेवण देण्यासाठी रस्त्यावर एक पातेले टांगले. पातेले, घंटा आणि गाणारी माणसे हा तिकडच्या नाताळचा नेहमीचा देखावा होऊन बसला आहे. हीच मुक्तिफौज भारतात आली १९ सप्टेंबर १८८२ रोजी, मुंबईला. माणसे अवघी चार. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर यांनी सरकारी नोकरी सोडलेली, अंगावर भगवी वस्त्रे घेतलेली आणि फकीरसिंग असे नाव धारण केलेले. मुंबईच्या रस्त्यांवरून वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून त्यांना अटक झाली. लोकांची सेवा करायला आलेल्या माणसांवरचा पहिला गुन्हा वाजवण्या-गाण्याचा होता, हे मला नेहमी गमतीचे वाटते. रोटरी क्लबसारख्या सेवा संस्थेतही सुरुवातीपासून गाणे आहे. शिकागोत १९०५ साली तो क्लब निघाला तेव्हाच्या पहिल्या सभासदांपैकी हॅरी रगल्स नावाचे एक छापखानेवाले होते. सभा कंटाळवाणी होऊ लागली की ते उठून सगळ्यांना गायला लावत.

पण एवढ्या लांब जायचे कारणच काय? आपल्याच तालुक्यात शेंडगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथे डेबूजी जन्मला, ज्याला पुढे सारा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणू लागला. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या त्यांच्या कीर्तनाला जमलेल्या लोकांच्या पैशातून. बाबा गेले तेही २० डिसेंबरला, १९५६ साली, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी. आमच्या गाणी-फेरीच्या दिवसांतच त्यांची पुण्यतिथी येते. आणि यावलीचे तुकडोजी महाराज? त्यांच्या हातात खंजिरी होती. मोझरीला १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा राहिला, गावोगावी गुरुदेव सेवा मंडळे निघाली, आणि त्या मंडळांचा नेम असा की गावसफाईही एकत्र आणि प्रार्थनाही एकत्र, सुरात. वऱ्हाडच्या माणसाला सेवा मंडळ म्हटले की भजन आलेच. नुसते पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहिलात तर तो विचारतो, "भजन नाही का?"

आता आमची चूक सांगतो. ताईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर या चुकीतच आहे.

मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळी झाली की कामासाठी खाली उतरतात. सोयाबीन निघालेले असते, कपाशीची वेचणी चालू असते, पुढे संत्र्याची तोड, वीटभट्ट्या, गुऱ्हाळे. मुलाबाळांसह आलेली ही माणसे अमरावती, अकोला आणि त्याहीपलीकडच्या शेतांवर राहतात आणि होळीला परत घाट चढतात. त्यामुळे नाताळात आपण घोंगड्या-ब्लँकेटे घेऊन परतवाड्यावरून घाट चढून जातो तेव्हा तिकडच्या पाड्यांवर बहुधा म्हातारी माणसे आणि थोडी लेकरे भेटतात. जिच्यासाठी आपण निघालो ती तरुण आई आपल्याच गावाबाहेर, पानमळ्यांच्या पलीकडे, ताडपत्रीच्या पालात तान्हे मूल घेऊन झोपलेली असते. हे समजायला आम्हाला काही वर्षे लागली, याची लाज वाटते. समजले तेव्हा ठरवले, यंदा पहिली फेरी गावाजवळच्या भट्टीवर.

त्या पहिल्या वर्षी आम्ही सोबत नेला होता एक ब्लूटूथ स्पीकर. मंडळातील मुलांनी मोबाइलवर नाताळची गाणी भरून आणली होती. आवाज खणखणीत, वाद्यमेळ मुंबईच्या स्टुडिओतला. मुले गोळा झाली, टाळ्या वाजवल्या, आणि दहा मिनिटांत पांगली. मोठी माणसे आपापल्या चुलीपाशी बसून राहिली. आम्ही ब्लँकेटे वाटली, फोटो काढला आणि निघालो. निघताना एका म्हाताऱ्या बाईने स्पीकरकडे बोट दाखवून विचारले, "हे डब्बं गाते, तुमी काहून नाई गात?"

कोणालाच उत्तर सुचले नाही.

घरी येताना बोलणे निघाले. देणारा उभा आणि घेणारा बसलेला, असे जे दोन गट भट्टीवर पडले होते ते ब्लँकेटाने मोडले नव्हते, उलट पक्के झाले होते. ब्लँकेट घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. एकत्र गाताना तसे होत नाही. गाणाऱ्याचा आवाज फाटतो, शब्द विसरतो, ताल चुकतो, ऐकणारा हसतो, आणि त्या हसण्यात दोघे एका पातळीवर येतात. माणूस चुकू शकतो, डब्बा चुकत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीपासून स्पीकर बंद. पेटी, ढोलकी, टाळ आणि एक खंजिरी. (रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, तो प्रश्नही आपोआप सुटला.)

मग सरावाची गरज कळली, आणि सरावात आणखी एक गोष्ट कळली. आपल्या उपासनेतील पुष्कळ नाताळगीते इंग्रजी किंवा जर्मन चालींवर बसवलेली आहेत. चाली गोड आहेत, त्यांच्याशी आपले बालपण जोडलेले आहे. पण इंग्रजी पद्य शब्दावरच्या आघातावर चालते आणि मराठी पद्य मात्रांवर, ऱ्हस्व-दीर्घावर. परक्या चालीत मराठी शब्द घातले की पुष्कळदा ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर गिळावे लागते. चार भिंतींत, पुस्तक हातात घेऊन हे खपून जाते. उघड्यावर, शेकोटीपाशी, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाहीत.

यावर उपाय आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, आणि तेव्हापासून ९ मे १९१९ ला देवाघरी जाईपर्यंत त्यांनी पदे, अभंग आणि भजने लिहून मराठी मंडळीच्या तोंडी आपल्या मातीतले गाणे दिले. 'उपासना संगीत' उघडा, टिळकांचे नाव पानोपानी दिसेल. अशी भजने आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात चपखल बसतात. पहिली ओळ एकाने म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या फेरीला सामील होतो. भट्टीवर हेच हवे असते.

विलायती चाली आम्ही टाकून दिल्या असे मात्र समजू नका. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री मोर आणि ग्रुबर या दोघांनी नुसत्या गिटारवर पहिल्यांदा म्हटलेले ते शांत रात्रीचे गीत आमच्याकडे आजही शेवटी म्हणतात. त्याची चाल सहाच्या डोलाची आहे, म्हणून आमचे ढोलकीवाले काका तिला सावकाश दादरा लावतात, आणि पेटीचा स्वर काळी एकवर ठेवला की बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही झेपते. गाणे मुळात खेड्यातले आहे, त्याला खेड्याचे वाद्य चालते.

आता कोरकू भाषेविषयी. आपण मराठी भजन म्हटले म्हणजे आपल्या भाषेत बोललो, असे आपल्याला वाटते. पण कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातील भाषा नाही. तिच्या सख्ख्या बहिणी झारखंडकडच्या मुंडारी आणि संथाली. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा आपल्या मेळघाटात बोलली जाते. अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, येथील कुर्कू मिशनचे जॉन ड्रेक यांनी १९०३ साली या भाषेचे व्याकरण छापले. शंभर वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस शिकला, आणि एका तालुक्याच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हा लोकांना त्या भाषेत पाणी कसे मागावे ते येत नव्हते. ड्रेकसाहेबांविषयी आदर ठेवूनही एक खंत सांगावीशी वाटते. अनेक ठिकाणी जुन्या मिशनच्या काळात ढोल आणि नाच हे जुन्या धर्माचे म्हणून बाजूला ठेवले गेले. त्यांच्या मनात काय होते ते आपण समजू शकतो, पण माणसाचे गाणे काढून घेतले की त्याच्या जागी दुसरे सहज उगवतेच असे नाही.

कोरकूंचे गदली-सुसून ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सुसून म्हणजे नाच. बायका हात गुंफून गोल धरतात, पुरुष ढोलकी आणि बासरी वाजवतात, पावले अगदी साधी, आणि गाणे तासन् तास चालते. रिंगण, गुंफलेले हात, सण आणि गाणे. वर सांगितलेला कॅरोलचा मूळ अर्थ आठवा. फ्रान्सच्या खेड्यांत जे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी होते आणि आता नाही, ते सेमाडोह-हरिसालच्या बाजूला अजून आहे.

दाराशी गाऊन काही मागण्याचेही तसेच. दिवाळीनंतर मेळघाटातल्या आठवडी बाजारांत घुंगरू बाजार भरतो. गुरे राखणारे थाट्या बांधव सजून, बासरी वाजवत नाचतात आणि दुकानदार त्यांना पैसे देतात. होळीनंतर रस्त्यावर गाडी अडवून, नाचून-गाऊन फगवा मागतात. एका वर्षी भट्टीवर आम्ही गाणी-फेरी म्हणजे काय हे समजावून सांगत होतो, लांबलचक, पवित्र शास्त्राच्या आधारासह. एक तरुण म्हणाला, "म्हणजे तुमचा फगवा." पाच मिनिटांचे आमचे भाषण त्याने तीन शब्दांत आटोपले.

त्या संध्याकाळी आमची तीन भजने झाल्यावर त्यानेच ढोलकी मागून घेतली. आमच्या काकांची ढोलकी म्हणजे त्यांचा जीव, ते कोणाला हात लावू देत नाहीत. क्षणभर थांबले आणि दिली. मग बायका उठल्या. ज्या आजींनी डब्ब्याविषयी विचारले होते त्या त्या वर्षी नव्हत्या, पण दुसऱ्या दोघींनी आमच्या मंडळातील परिचारिका ताईंचा हात धरून त्यांना रिंगणात ओढले. ताई लाजल्या, मग नाचल्या. नाचता नाचता एकीच्या कडेवरच्या बाळाचा श्वास जोरात चालला आहे, छाती आत ओढली जाते आहे, हे त्यांच्या लक्षात आले. गाणे थांबले नाही. ताई बाजूला झाल्या, आईशी बोलल्या, आणि त्याच रात्री आमच्यातल्या एकाच्या गाडीतून मायलेकरांना रुग्णालयात नेले. न्यूमोनिया होता. बाळ बरे झाले. आदल्या वर्षी आम्ही त्याच भट्टीवर ब्लँकेटे वाटून, फोटो काढून चाळीस मिनिटांत परतलो होतो. तेव्हा असे एखादे बाळ तिथे असते तरी आम्हाला दिसले नसते, कारण रांगेत उभ्या असलेल्या आईच्या पदराखाली काय आहे हे कोणी पाहत नाही.

ताईंना मी पत्राने एवढेच कळवले होते की सरावाच्या दोन तासांत देणगीची चार घरे बुडतात हे खरे आहे.

एका बाबतीत मंडळात अजून मतभेद आहेत, तेही सांगितले पाहिजे. वस्तूंचे वाटप आणि गाणे एकाच दिवशी करावे की नाही? माझे आणि आणखी काहींचे मत आहे की करू नये. ब्लँकेट मिळावे म्हणून कोणी आपल्या गाण्यात सामील झाला, किंवा तसे कोणाला नुसते वाटले, तरी ते गाणे बाटले. गरिबाच्या गरजेवर आपला विश्वास टांगू नये. म्हणून गेली काही वर्षे आमचा नियम असा आहे : ब्लँकेटे, टोप्या, औषधे हे सगळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गाण्याशिवाय, प्रार्थनेशिवाय, ज्याला लागेल त्याला, कोणत्याही धर्माचा असो. गाणी-फेरी त्यानंतर पंधरा दिवसांनी, रिकाम्या हाताने. फार तर लाडू आणि चिवडा, तोही सगळ्यांनी मिळून खायचा. यावर दुसरी बाजू म्हणते, की दोनदा जाण्याचा गाडीखर्च वाढतो आणि थंडी काही पंधरा दिवस थांबत नाही. खर्च वाढतो हे खरेच आहे. थंडीसाठी म्हणूनच वाटप आधी घेतले आहे. बैठकीत हा विषय दरवर्षी निघतो, आणि निघावा.

फेरीत गावातल्या घरी जमणाऱ्या पैशांची मात्र पद्धत ठरलेली आहे. पेटीला दोन कुलुपे, किल्ल्या दोघांकडे. पेटी मंडळीसमोर उघडून मोजायची, आणि मोठ्या रकमेला पावती. गावात जमलेले पैसे भट्टीवरच्या मुलांच्या दुधाला आणि दवाखान्याच्या गाडीखर्चाला जातात. पेटी आणि ढोलकीची दुरुस्ती त्यातून होत नाही, ती सभासद वर्गणीतून करतात. ताईंच्या पत्रानंतर हे मुद्दाम लिहून ठेवले.

अंजनगावच्या इतिहासात नाताळच्या आठवड्यातली एक तारीख आहे, ३० डिसेंबर १८०३. त्या दिवशी इथे शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला. शाळेत आम्ही तो पाठ केला होता, कोणी किती मुलूख दिला आणि कोणी घेतला. फेरीवरून रात्री परत येताना, शहानूरच्या काठी गारठा झोंबत असतो तेव्हा, आमचे निवृत्त मास्तर तो हमखास काढतात आणि तरुण मुले हमखास विषय बदलतात.

यंदाचा सराव नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होत आहे, उपासनेनंतर. कोरकू येणारे दोन विद्यार्थी या वर्षी सोबत आहेत, आणि त्यांच्याकडून आम्ही एक गाणे शिकत आहोत. गाणे त्यांच्या गावचे, पेरणीचे आहे, नाताळचे नाही. उच्चार अजून जमत नाहीत. ढोलकीला नवी पुडी बसवायची आहे. लहान मुलांच्या लोकरी टोप्या, शून्य ते दोन वर्षे वयाच्या, सर्वांत आधी संपतात, तेव्हा विणणाऱ्या भगिनींनी त्याच मापाच्या विणाव्यात, ही विनंती.